कंट्रोल लाइन विमान म्हणजे काय? दोन तारांवर उडणाऱ्या मॉडेल विमानाची संपूर्ण माहिती

मॉडेल विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रिमोट येतो, आणि हल्ली तर थेट ड्रोनच येतो. पण रेडिओ स्वस्त होण्याच्या खूप आधीपासून, आणि आजही, विमानं चक्क दोन बारीक तारांवर उडवली जातात. उडवणारा मधे उभा राहतो, हातात एक हँडल असतं आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरतं. ऐकायला लहान मुलांच्या खेळण्यासारखं वाटतं ना? पण याच तारांवर विमान उलटं उडतं, चौकोनी लूप मारतं, आणि याच प्रकारातली स्पर्धेची विमानं ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतात.

मी दिवसभर कोड लिहितो. सुट्टीच्या दिवशी मात्र बाल्सा लाकूड कापतो. गेली काही वर्षं हा छंद जोपासताना एक गोष्ट जाणवली, की यावर मराठीत नीट माहिती सापडत नाही. म्हणून हा लेख. यात आपण कंट्रोल लाइनचं तत्त्व, त्यामागचं गणित, पहिलं विमान कसं बनवायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते सुरक्षितपणे कसं उडवायचं, हे सगळं पाहणार आहोत.

कंट्रोल लाइन विमान म्हणजे काय?

ज्या मॉडेल विमानाचं नियंत्रण रेडिओऐवजी दोन तारांनी होतं, ते कंट्रोल लाइन विमान. तारांचं एक टोक विमानाच्या डाव्या पंखातून आत जातं, दुसरं टोक उडवणाऱ्याच्या हातातल्या हँडलला असतं. वरून पाहिलं तर विमान सहसा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, त्यामुळे डावा पंख नेहमी आतल्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे असतो.

ट्रान्समीटर नाही, रिसीव्हर नाही, सर्व्हो नाही. हाताची हालचाल थेट विमानाच्या शेपटापर्यंत पोहोचते. आमच्या भाषेत सांगायचं तर मधे कुठलाच सॉफ्टवेअरचा थर नाही, आणि लेटन्सी जवळजवळ शून्य. शिवाय विमानाला काय होतंय ते तारांमधून उलट हातालाही कळतं. वारा आला, वेग कमी झाला, तार सैल पडायला लागली, हे डोळ्यांच्या आधी मनगटाला समजतं. रेडिओच्या विमानात ही गोष्ट मिळत नाही.

थोडा इतिहास : एका पेटंटची गोष्ट

हा प्रकार लोकप्रिय केला तो अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहराच्या जिम वॉकर यांनी. त्यांच्या अमेरिकन ज्युनियर एअरक्राफ्ट कंपनीचं ‘फायरबॉल’ हे विमान १९४० च्या सुमारास बाजारात आलं. वॉकर यांनी या पद्धतीला ‘यू-कंट्रोल’ असं नाव दिलं आणि तिचं पेटंटही घेतलं. त्याच काळात टेक्सासमधल्या शूलेनबर्ग गावचे व्हिक्टर स्टॅन्झेल ‘जी-लाइन’ नावाची वेगळी पद्धत विकत होते. तिच्यात काठी आणि एकच दोरी असायची.

गंमत पुढे आहे. छोट्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या कॉक्स कंपनीशी वॉकर यांचा पेटंटवरून वाद झाला आणि तो न्यायालयात गेला. तिथे ओबा सेंट क्लेअर नावाचे ओरेगॉनमधलेच एक गृहस्थ पुढे आले. त्यांनी वॉकर यांच्या पेटंटच्या आधीच असं तारांवरचं विमान उडवलं होतं. आधीच अस्तित्वात असलेल्या गोष्टीचं पेटंट टिकत नाही, त्यामुळे १९५५ मध्ये वॉकर यांचा दावा कोसळला. त्यानंतर ही यंत्रणा कुणीही मोकळेपणाने वापरू लागलं.

पुढची दोन-तीन दशकं कंट्रोल लाइनची होती. स्टर्लिंग कंपनीचं ‘रिंगमास्टर’, जॉर्ज आल्ड्रिच यांचं ‘नोब्लर’, फॉक्स ३५ इंजिन ही नावं या छंदातल्या लोकांना आजही तोंडपाठ असतात. कॉक्सचं ०.०४९ घनइंचाचं, म्हणजे साधारण ०.८ सीसीचं इंजिन लावलेली प्लॅस्टिकची तयार विमानं अमेरिकेतल्या असंख्य मुलांच्या हातात पोहोचली. त्यांचं पीटी-१९ हे विमान तर रबरबँडने जोडलेलं असायचं. आपटलं की तुटण्याऐवजी सुटं व्हायचं, पुन्हा जोडा आणि उडवा! रेडिओ कंट्रोल आवाक्यात आल्यावर गर्दी तिकडे वळली, पण कंट्रोल लाइन संपलं नाही.

आपल्याकडे याचा सगळ्यात जवळचा धागा म्हणजे एनसीसीची एअर विंग. तिथल्या एरोमॉडेलिंगमध्ये स्टॅटिक मॉडेल आणि रेडिओ कंट्रोलसोबत कंट्रोल लाइनही असतं, आणि वायुसैनिक कॅम्पमध्ये त्याच्या स्पर्धा होतात. मला हे शिकवणारे सरही तिथलेच जुने कॅडेट. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी एअर विंगमध्ये असेल तर आधी त्यांना विचारा. अर्धं काम तिथेच होईल.

ते काम कसं करतं?

सगळी यंत्रणा पाच भागांची एक साखळी आहे :

१. हँडल : हातात धरायचं. वरच्या टोकाला एक तार, खालच्या टोकाला दुसरी.
२. तारा : हँडलपासून विमानापर्यंत. दोन्ही अगदी सारख्या लांबीच्या.
३. बेलक्रँक : विमानाच्या पंखात बसवलेला टी आकाराचा तुकडा. मधे खिळी असते, तिच्याभोवती तो फिरतो. दोन टोकांना दोन तारा, तिसऱ्या टोकाला पुशरॉड.
४. पुशरॉड : बेलक्रँकची हालचाल मागे शेपटाकडे नेणारी स्टीलची काडी.
५. एलिव्हेटर : शेपटाचा हलणारा भाग. हा वर झाला की विमानाचं नाक वर, खाली झाला की नाक खाली.

हँडलचं वरचं टोक आपल्याकडे झुकवलं की एक तार ओढली जाते, दुसरी सुटते, बेलक्रँक फिरते, पुशरॉड सरकतो आणि एलिव्हेटर वर होतो. बस, एवढंच!

आकड्यांत पाहू. समजा हँडलवर दोन तारांमधलं अंतर ७० मिलिमीटर आहे आणि बेलक्रँकवर ५० मिलिमीटर. हँडल २५ अंश झुकवलं की प्रत्येक तार साधारण १५ मिलिमीटर सरकते आणि बेलक्रँक सुमारे ३६ अंश फिरते. पुशरॉडचं भोक खिळीपासून १० मिलिमीटरवर असेल आणि एलिव्हेटरचा हॉर्न बिजागरीपासून १८ मिलिमीटर उंच असेल, तर एलिव्हेटर साधारण १९ अंश वळतो. नवशिक्याला एवढं पुरे. विमान फारच चपळ वाटलं तर हँडलवरच्या तारा जवळ आणा किंवा हॉर्नचं भोक वर घ्या. सुस्त वाटलं तर उलट करा. ही तुमची ‘सेटिंग्ज’, फक्त स्क्रू-ड्रायव्हरने बदलायची.

एकाच कंट्रोलवर इतक्या कसरती कशा होतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. विमानाला फक्त नाक वर किंवा खाली करता येतं, मग ते आठचा आकडा कसं काढतं?

उत्तर भूमितीत आहे. तार ताठ असली की विमान आपल्यापासून नेहमी ठरावीक अंतरावर राहतं. म्हणजे ते एका अदृश्य घुमटाच्या पृष्ठभागावरच फिरू शकतं. गोलघुमटाच्या आतून एखादी गाडी पळतेय अशी कल्पना करा. गाडीला पुढे जायला इंजिन आहे आणि वळायला एक स्टिअरिंग. तेवढ्यावर ती घुमटात कुठेही पोहोचू शकते. आपला एलिव्हेटर म्हणजे ते स्टिअरिंग. सतत ‘वर’ धरलं की लूप, अर्ध्या लूपवर सोडलं की उलटं उड्डाण, एक आतला आणि एक बाहेरचा लूप जोडला की आडवा आठ.

एक शंका इथे येते : लूप मारल्यावर तारांना पीळ बसत नाही का? बसतो. प्रत्येक आतल्या लूपला एक पीळ. पण ताठ, स्वच्छ तारा एकमेकींवरून सहज घसरतात, त्यामुळे काही पीळ बसले तरी कंट्रोल चालू राहतं. तितकेच बाहेरचे लूप मारले की पीळ उलगडतात. नुसत्या गोल फेऱ्यांनी पीळ बसत नाही, कारण आपणही विमानासोबत फिरत असतो.

तारांवर ताण किती येतो?

अकरावीचं सूत्र आठवा : बल = वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या. तीन उदाहरणं घेऊ.

- छोटं इलेक्ट्रिक ट्रेनर : वजन २२० ग्रॅम, तार १० मीटर, एक फेरी ४ सेकंदांत. वेग सुमारे १५.७ मीटर प्रति सेकंद. ताण साधारण अर्धा किलो.
- कसरतीचं विमान : वजन १.२ किलो, त्रिज्या २० मीटर, फेरी ५.२ सेकंदांत. ताण साधारण साडेतीन किलो.
- स्पीड स्पर्धेचं विमान : वजन अर्धा किलो धरू, त्रिज्या १७.६९ मीटर, वेग ताशी ३०० किलोमीटर. ताण तब्बल २० किलो, म्हणजे विमानाच्या वजनाच्या ४० पट!

वेगाचा वर्ग आहे हे लक्षात घ्या. वेग दुप्पट झाला की ताण चौपट. म्हणूनच ‘छोटंच तर विमान आहे’ असं म्हणून कुठलीही दोरी लावायची नसते. स्पर्धेच्या आधी विमान, तारा आणि हँडल सगळं एकत्र जोडून ओढून पाहतात. कसरतीच्या विमानासाठी वजनाच्या दहापट ओढ हा सर्वसाधारण नियम आहे.

तारा सैल पडू नयेत म्हणून काय करतात?

तार सैल पडली की कंट्रोल गेला. म्हणून विमान बनवतानाच ते थोडं बाहेर ओढत राहील अशी सोय करतात :

- उजव्या, म्हणजे बाहेरच्या पंखाच्या टोकात थोडं वजन ठेवतात. आतल्या पंखाला तारांचं वजन पेलायचं असतं, त्याचा हा तोल.
- इंजिन किंवा मोटर किंचित उजवीकडे वळवतात.
- उभं शेपूट, म्हणजे रडर, थोडं उजवीकडे वळवून चिकटवतात.
- तारा पंखातून जिथे बाहेर पडतात ती जागा गुरुत्वमध्याच्या जराशी मागे ठेवतात, म्हणजे विमानाचं नाक थोडं बाहेर राहतं.

यातलं काहीच अति करायचं नाही. विमान तिरकं उडायला लागलं की वेग आणि बॅटरी दोन्ही वाया जातात.

स्पर्धांचे चार मुख्य प्रकार

आंतरराष्ट्रीय संघटना एफएआयने कंट्रोल लाइनला एफ२ हा वर्ग दिलाय. त्यात चार मुख्य प्रकार आहेत :

१. एफ२ए, स्पीड : फक्त वेग. तार १७.६९ मीटर, कारण त्या त्रिज्येच्या बरोबर ९ फेऱ्या म्हणजे १ किलोमीटर.
२. एफ२बी, कसरत : ठरलेल्या क्रमाने लूप, चौकोनी लूप, आठ, डोक्यावरचा आठ वगैरे. पंच गुण देतात. मला सर्वात आवडणारा प्रकार.
३. एफ२सी, टीम रेस : तीन विमानं एकाच वर्तुळात, तीन पायलट मधे. प्रत्येकाचा एक मेकॅनिक कडेला. विमान उतरलं की तो हाताने पकडतो, इंधन भरतो, पंखा फिरवतो आणि सोडतो, आणि हे सगळं काही सेकंदांत. तार १५.९२ मीटर, म्हणजे १० फेऱ्यांचा १ किलोमीटर.
४. एफ२डी, कॉम्बॅट : दोन विमानं, प्रत्येकाच्या मागे क्रेप कागदाची शेपटी. समोरच्याची शेपटी आपल्या पंख्याने कापायची. संक्रांतीला पेच लावणाऱ्यांना हे लगेच कळेल!

पहिलं विमान कसं असावं?

पूर्वी सुरुवात इंजिनानेच व्हायची. मेथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल यांचं इंधन, ग्लो प्लग, बोटांना तेल आणि कानठळ्या. त्यात मजा आहेच, पण शहरात राहणाऱ्यांनी इलेक्ट्रिकने सुरुवात करावी असं माझं मत आहे. आवाज कमी, पार्टस ऑनलाइन मिळतात, आणि दर वेळी तेवढीच पॉवर.

खाली मी माझ्या ट्रेनरची मापं देतोय. हे ‘प्रोफाइल’ प्रकारचं आहे, म्हणजे धड एकाच सपाट फळीचं.

- पंख : ५ मिमी बाल्साची सपाट फळी, ६० सेमी लांब, १४ सेमी रुंद. पुढची कड गोल, मागची निमुळती घासायची.
- धड : ६ मिमी बाल्सा, साधारण ४५ सेमी लांब. नाकाला दोन्ही बाजूंनी पातळ प्लाय.
- शेपूट : ३ मिमी बाल्सा. एलिव्हेटरला कापडी पट्टीची बिजागरी.
- बेलक्रँक : जुन्या पीसीबीसाठी वापरतात त्या एफआर-४ पत्र्यातून कापलेली. हलकी आणि चिवट. मधे ३ मिमीचा स्क्रू.
- मोटर : २० ते २५ ग्रॅमची ब्रशलेस. ईएससी १० ते १२ अँपिअर.
- बॅटरी : २ सेलची, ४५० एमएएचची लिपो.
- एकूण वजन : २२० ग्रॅमच्या आसपास.

बनवताना काही गोष्टी सांभाळा. बाल्साला फेव्हिकॉल उत्तम, पण नाकाचा प्लाय आणि बेलक्रँकची बैठक इपॉक्सीनेच चिकटवा, कारण सगळा ताण तिथे येतो. बेलक्रँकचा स्क्रू नुसत्या बाल्सात कधीही बसवायचा नाही. वर आणि खाली, दोन्हीकडे प्लायचा तुकडा हवाच. उरलेलं सगळं सुटलं तर विमान मोडेल. ही बैठक सुटली तर विमान आपल्या हातात राहणारच नाही.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून २ ते ३ सेमीवर ठेवा. तारा त्याच्या साधारण १ सेमी मागून बाहेर काढा. बाहेरच्या पंखाच्या टोकात ५-६ ग्रॅम वजन पुरतं. बॅटरी पुढे-मागे सरकवून तोल साधा. नाक थोडं जड चालेल, शेपूट जड अजिबात नको. शेपूट जड झालेलं विमान पहिल्या लाटेलाच हाताबाहेर जातं.

तारांसाठी साधी तंगूस वापरू नका, ती रबरासारखी ताणते. हाताने हँडल झुकवलं तरी एलिव्हेटर हलतच नाही. एवढ्या छोट्या विमानाला विणलेली, न ताणणारी फिशिंग लाइन चालते. मोठ्या विमानांना पिळाची स्टेनलेस स्टीलची तारच लागते.

मोटरचा टायमर : इथे सॉफ्टवेअर येतं

इलेक्ट्रिक कंट्रोल लाइनमध्ये थ्रॉटल हातात नसतो, म्हणून मोटर सुरू आणि बंद करायला विमानातच टायमर लागतो. तयार मिळतात, पण मी एका छोट्या आर्डुइनो नॅनोवर लिहिला. ईएससीला सेकंदाला ५० पल्स द्यायच्या. पल्स १ मिलिसेकंदाची असेल तर मोटर बंद, २ मिलिसेकंदांची असेल तर पूर्ण वेग. माझ्या प्रोग्राममध्ये सहा अवस्था आहेत :

१. थांबलेला : मोटर बंद. बटण दोन सेकंद दाबल्याशिवाय पुढे जायचं नाही.
२. वाट : २० सेकंद. या वेळेत आपण चालत जाऊन हँडल हातात घ्यायचं.
३. वाढ : ३ सेकंदांत हळूहळू वेग.
४. उड्डाण : अडीच मिनिटं ठरलेला वेग.
५. इशारा : मोटर क्षणभर कमी-जास्त. ‘आता उतरायची तयारी करा.’
६. बंद : पाच सेकंदांनी मोटर बंद. पुन्हा सुरू करायचं तर बॅटरी काढूनच.

अडीच मिनिटंच का? सरासरी ६ अँपिअर धरले आणि बॅटरीचा ८० टक्केच भाग वापरला, तर साधारण साडेतीन मिनिटं मिळतात. त्यात एक मिनिटाची उरक ठेवली.

सगळ्यात महत्त्वाचा नियम : व्होल्टेज पडून नॅनो रिसेट झाला, तर प्रोग्राम पहिल्याच अवस्थेत परत आला पाहिजे. म्हणजे मोटर बंद. हवेत असेल तर विमान तरंगत उतरेल. जमिनीवर असेल आणि कुणाची बोटं पंख्याजवळ असतील तर ती वाचतील. ऑफिसमध्ये बग आला की टिकिट निघतं. इथे टाके पडतात. कोड तपासताना पंखा काढून ठेवायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

मैदान आणि सुरक्षितता : हा भाग वगळू नका

विजेच्या तारा. कंट्रोल लाइनमधला सगळ्यात मोठा धोका विमान डोक्यात बसण्याचा नाही, विजेचा आहे. स्टीलची तार म्हणजे थेट तुमच्या हातापर्यंत आलेला कंडक्टर. अमेरिकेतल्या एएमए संघटनेच्या नियमाप्रमाणे जमिनीवरून जाणाऱ्या विजेच्या तारांपासून विमान किमान ५० फूट, म्हणजे १५ मीटर लांब हवं. हे अंतर वर्तुळाच्या कडेपासून मोजायचं. माझ्या विमानाची तार १० मीटर, त्यात हात आणि पंख मिळून एक मीटर, वर १५ मीटर. म्हणजे मी उभा राहीन तिथून विजेची तार किमान २६ मीटर लांब. मी ३० धरतो. फिशिंग लाइन असली तरी हाच नियम.

एकदा आम्ही चौघं गावाबाहेरच्या एका छान मैदानावर गेलो होतो. गवत कापलेलं, वारा मंद, सगळं सामान लावून झालं होतं. एका कडेने ११ केव्हीची लाइन जात होती. सरांनी पावलं मोजली, परत मोजली आणि म्हणाले, “आज नाही. सामान आवरा.” आम्ही म्हटलं, सर, दोन-तीन मीटरचाच तर प्रश्न आहे, उडवू की सावकाश. सर म्हणाले, “विमान परत बनवता येतं रे.” सगळं गाडीत भरून आम्ही दीड तास प्रवास करून घरी आलो. त्यानंतर आमच्यात यावर कधीच चर्चा होत नाही. पावलं कमी भरली की कुणीही न बोलता बॅगा उचलतो.

बाकीचे नियम :

- ढग गडगडत असतील तर उडवायचं नाही.
- हँडलला मनगटाचा पट्टा हवाच. हात सुटला तरी विमान सुटता कामा नये.
- प्रत्येक दिवसाच्या सुरुवातीला ओढ तपासा. २२० ग्रॅमच्या विमानाला दहापट म्हणजे २.२ किलो. प्रवासाची बॅग मोजायचा लटकता काटा हँडलला लावून ओढला की झालं.
- वर्तुळाच्या आत कुणीही नको. बघणारे कडेपासून बरेच बाहेर. लहान मुलं आणि कुत्री अचानक धावत येतात, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस वेगळा ठेवा.
- नायलॉन मांजाने गळे कापल्याच्या बातम्या आपण दर संक्रांतीला वाचतो. ताणलेली बारीक तार तेच करू शकते. उड्डाण संपलं की तारा लगेच रिळावर गुंडाळा, मैदानात पसरून चहाला जाऊ नका.
- मैदानाची परवानगी आधी घ्या.

पहिलं उड्डाण

आता खरी परीक्षा. तीन-चार आठवडे संध्याकाळी खपून बनवलेलं विमान पहिल्या पाच सेकंदांत मोडू शकतं, आणि हे प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून छाती धडधडतेच. क्रम पाळला तर शक्यता आपल्या बाजूने राहते.

१. विमान जमिनीवर, तारा ताठ. हँडलचं वरचं टोक आपल्याकडे घ्या. एलिव्हेटर वर गेला का? मदतनीसाने मोठ्याने ‘वर’ म्हणायचं. मग ‘खाली’. तारा उलट्या लागल्या असतील तर इथेच कळतं.
२. वारा पाठीवर येईल असं उभं राहिलं की समोर जो भाग येतो, त्या भागात विमान शिरणार असेल अशा जागी मदतनीस विमान धरतो. तिथे वारा विमानाला बाहेर ढकलतो, तारा ताठ राहतात.
३. मनगट कडक, कोपर सरळ. पूर्ण हात खांद्यातून वर-खाली करायचा. नवशिका घाबरला की मनगट झटकतो आणि विमान थेट आकाशात किंवा थेट जमिनीत जातं.
४. विमान सुटलं की हात विमानाकडेच रोखलेला. जमिनीपासून दोन मीटर उंचीवर सरळ फेऱ्या.
५. नजर फक्त विमानावर. मागची झाडं, इमारती बघितल्या की गरगरतं. कानातला द्रव गोल फिरायला लागतो, त्याला डोळ्यांचा आधार लागतो. तरी चक्कर आली तर विमान सपाट ठेवा, हळूहळू फिरत रहा. साधारण पाच-सहा उड्डाणांनंतर शरीराला सवय होते.
६. तार सैल वाटली तर लगेच एक-दोन पावलं मागे जा.
७. मोटर बंद झाली की घाई नाही. सपाट धरा, वेग आपोआप कमी होतो, विमान गवतावर टेकतं.

पहिली दहा उड्डाणं फक्त सपाट. मग हळूहळू चढ-उतार. मग वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला, भरपूर उंचीवर पहिला लूप. लूप अर्ध्यात सोडायचा नाही. एकदा ‘वर’ दिलं की विमान पूर्ण फिरून सपाट होईपर्यंत द्यायचंच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उडवता येईल का?
नाही. १० मीटरच्या तारेला २२ मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ आणि त्याबाहेर सुरक्षित अंतर लागतं. शाळेचं किंवा कॉलेजचं मोठं मैदान बघा.

ड्रोन असताना हे कशाला?
ड्रोन स्वतःला सावरतो. हात सोडले तरी तो हवेत उभा राहतो, कारण आतला कंट्रोलर सेकंदाला शेकडो वेळा दुरुस्ती करत असतो. इथे तो कंट्रोलर तुम्ही आहात. विमान का उडतं, तोल म्हणजे काय, ताण म्हणजे काय, हे हाताला शिकायचं असेल तर यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा नाही.

मुलांना कितव्या वर्षी शिकवावं?
वयापेक्षा उंची आणि ताकद बघा. तारांचा ताण सहज पेलता आला पाहिजे आणि ‘थांब’ म्हटल्यावर थांबता आलं पाहिजे. सुरुवातीला मोठ्या माणसाने मागे उभं राहून हँडलवर स्वतःचाही हात ठेवावा.

विमान आपटलं तर?
आपटणारच. बाल्साचा हा मोठा गुण आहे, की तुकडे जुळवले आणि चिकटवले की पुढच्या रविवारी विमान तयार. कॅरीबॅगमध्ये सगळे तुकडे गोळा करून आणा, अगदी चिमूटभर सुद्धा.

तर मित्रांनो, सुरुवात करायची असेल तर आधी एक काम करा. या रविवारी जवळच्या मैदानावर जा, मधोमध उभे रहा, मान वर करून चारही बाजूंना विजेच्या तारा कुठे आहेत ते बघा आणि पावलं मोजा. ३० मीटर मोकळे मिळाले तर लाकूड आणायला हरकत नाही. बनवताना कुठे अडलात तर प्रश्न जरूर विचारा. मापं, वायरिंग, टायमरचा प्रोग्राम, जे माहीत आहे ते मी नक्की सांगेन.